पाहणाऱ्याची झडप

आपल्या बडोदेकर मराठी घरांत खिडकीला ‘बारी’ म्हणण्याची सवय इतकी मुरलेली आहे की तो शब्द मुळात शेजारचा आहे याचे भानही उरलेले नाही. पुण्याकडून आलेला पाहुणा मात्र क्षणभर घुटमळतो. त्याच्या लेखी बारी म्हणजे डोंगरातील खिंड. उलट गुजरातीत ‘खडकी’ म्हणजे चार घरांच्या समाईक वस्तीचे प्रवेशद्वार. शब्दांच्या या अदलाबदलीचा शोध भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनी घ्यावा. परंतु तिच्यातून एक गोष्ट सहज ध्यानी येते. खिंड काय, प्रवेशद्वार काय आणि खिडकी काय, या साऱ्या ये-जा करण्याच्या जागा आहेत. खिडकीतून वारा येतो, उजेड येतो, गल्लीतला आवाज येतो, आणि आपली नजर बाहेर जाते. पहिल्या तिन्हींचा विचार घर बांधणारा करतो. चौथीचा विचार बहुधा कोणीच करीत नाही.

दांडिया बाजार, रावपुरा, सुरसागरच्या आसपासच्या गल्ल्या येथे जी जुनी घरे अद्याप उभी आहेत, त्यांच्या डागडुजीचे दिवस आहेत. दिवाण भाऊ तांबेकरांचा रावपुऱ्यातील वाडा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. आपल्यासारख्यांच्या घरांचे पुरातत्त्व खाते आपण स्वतःच. छप्पर झाले, वायरिंग झाले की गाडी खिडक्यांपाशी येऊन अडते. आतून काय लावायचे? पूर्ण उंचीची लाकडी झडप, निम्मी झडप, वर-खाली स्वतंत्र उघडणारी चार पानांची, की आडव्या पट्ट्यांची झिलमिली? गाळ्याच्या आत बसवायची की भिंतीवर वेगळी चौकट ठोकून? हा प्रश्न सुताराचा आहे असे आपण समजतो. तो सुताराचा आहेच. पण त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे, आणि तो सुताराला विचारून चालत नाही. झडप लावायची ती कोणासाठी? मला कोणी पाहू नये म्हणून, की मी कोणाला पाहू नये म्हणून?

खिडक्यांवर निबंध निघाला म्हणजे महात्माजींचे ते सुप्रसिद्ध वचन येणारच, अशी वाचकांची अपेक्षा असेल. ते इथे येणार नाही. ते वचन संस्कृतींच्या वाऱ्यांविषयी आहे, खिडक्यांविषयी नाही.

प्रथम जुन्या खिडकीची रीत आठवू. भिंत दीड-दोन फूट जाडीची, बाहेरच्या अंगाला लोखंडी किंवा लाकडी गज, काच नाही, आणि आत उघडणारी सागवानी चार पाने: खाली दोन, वर दोन. भिंतीची जाडी एवढी की पान उघडले तरी ते गाळ्याच्या कडेला टेकून राही, खोलीत डोकावत नसे. वैशाखात सकाळी ऊन चढू लागले की चारही पाने मिटायची, रात्री उघडायची. घराच्या जाड भिंती रात्रीचा गारवा दुपारपर्यंत धरून ठेवीत. एरवी खालची दोन मिटलेली आणि वरची दोन उघडी. वरून आभाळाचा उजेड यावा, तापलेली हवा निघून जावी, आणि जमिनीवर बसलेल्या माणसाचे डोळे खालच्या पानांच्या आड राहावेत. त्या काळी घरात बसणे-उठणे जमिनीवर होते, म्हणून ती मधली आडवी पट्टी त्या उंचीवर असे. खुर्च्या आल्या आणि आपले डोळे हातभर वर गेले. खिडकीची मधली पट्टी होती तिथेच राहिली. जुन्या खिडकीजवळ खुर्ची टाकून बसलेला माणूस तिच्या रचनेत नसलेला माणूस आहे.

काच आल्यावर आणखी एक गोष्ट उलटी झाली. काचेच्या बाहेर झडप असेल तर ऊन काचेपर्यंत पोहोचतच नाही. झडप काचेच्या आत असेल तर ऊन काचेतून आत येते, झडपेवर पडते, आणि ती उष्णता काच व झडप यांच्यामध्ये कोंडून हळूहळू खोलीत झिरपते. म्हणून आतली झडप हे उन्हावरचे दुय्यम औषध आहे; घ्यायचेच तर पांढऱ्या किंवा फिक्या रंगात घ्यावे, म्हणजे निदान काही ऊन आल्या वाटेने परत जाईल. सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडकीमागे गडद पॉलिशची झडप लावून नंतर खोली तापते म्हणून तक्रार करणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांचा दोष नाही. दुकानात नमुने गडद रंगाचेच अधिक देखणे दिसतात.

आता झिलमिलीकडे येऊ, कारण खरा पेच तिथे आहे. झिलमिलीची करामत साधी आहे. चौकटीत आडव्या पट्ट्या, प्रत्येक पट्टी दोन टोकांवर फिरती, आणि सगळ्या पट्ट्यांना जोडणारी एक उभी काठी. काठी वर-खाली केली की पट्ट्या एकदम वळतात. वारा आत येतो, ऊन अडते, आणि अंधाऱ्या खोलीतून उजेडातल्या गल्लीकडे पाहणाऱ्याला सर्व काही दिसते. गल्लीतून वर पाहणाऱ्याला मात्र केवळ पट्ट्या दिसतात. फ्रेंच भाषेत अशा खिडकीला जो शब्द आहे, जालुझी, त्याचा मूळ अर्थ मत्सर. स्पॅनिशमध्येही जाळीदार झडपेचा शब्द मत्सरावरूनच आलेला आहे. मत्सर कोणाचा, हे सांगायला नकोच: बायकोला कोणी पाहू नये, पण तिने वाऱ्याला मुकू नये, अशी सोय करणाऱ्या नवऱ्याचा.

आपल्याकडे ही सोय राजवाड्यांतही होती. जयपूरचा हवामहल १७९९ चा. त्याची सारी कीर्तीच त्या जाळीदार झरोक्यांची. आपल्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या दरबार हॉलमध्येही राजस्त्रियांना समारंभ पाहता यावा म्हणून वरच्या अंगाला सज्जे आहेत. या जाळ्यांना नुसते तुरुंग म्हणणे मला पुरेसे वाटत नाही. जाळीआड बसलेली स्त्री परतंत्र होती हे खरेच. पण दरबारात कोण कोणाकडे पाहून हसले, कोण उशिरा आला, कोणाचा मुजरा चुकला, हे तिला दिसत होते आणि ती पाहते आहे हे दरबाराला दिसत नव्हते. परतंत्र माणसाच्या हाती जी थोडकी सत्ता असते ती बहुधा अशीच, न दिसता पाहण्याची असते. महाराणी चिमणाबाई (दुसऱ्या) पडदा टाकून बाहेर आल्या, १९११ मध्ये त्यांनी भारतीय स्त्रीजीवनावर एस. एम. मित्र यांच्यासह इंग्रजी ग्रंथ लिहिला, आणि १९२७ साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षस्थान स्वीकारले. जाळीबाहेर येणे म्हणजे दिसू लागणे हे आपण नेहमी म्हणतो. त्याची दुसरी बाजू अशी की न दिसता पाहण्याचा अधिकार त्यांनी त्याच वेळी सोडून दिला.

हा अधिकार सत्ताधाऱ्याच्या हाती गेला म्हणजे काय होते, हे जेरेमी बेंथम या इंग्रज विचारवंताने स्वच्छ मांडून ठेवले आहे. १७९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आदर्श तुरुंगाच्या आराखड्यात वर्तुळाकार कोठड्या आहेत आणि मधोमध पहारेकऱ्याचा मनोरा. मनोऱ्याच्या खिडक्यांना झडपा लावाव्यात असे त्यात सांगितलेले आहे, म्हणजे पहारेकरी आत आहे की नाही हे कैद्याला कधीच कळू नये. सारी युक्ती त्या झडपेत आहे. प्रत्यक्ष कोणी पाहिलेच पाहिजे असे नाही. पाहत असेल ही शक्यता पुरते. पुढे १९४३ मध्ये सार्त्रने आपल्या ग्रंथात किल्लीच्या भोकातून डोकावणाऱ्या माणसाचे उदाहरण घेतले. तो माणूस पाहण्यात पूर्ण बुडालेला असतो. इतक्यात मागे पावले वाजतात, आणि आपण कोण व काय करीत आहोत हे लाजेच्या रूपाने त्याला एकदम कळते. झिलमिलीमागे बसलेल्याच्या कानी अशी पावले येत नाहीत. त्याला लाज आणणारे कोणी नाही, म्हणून आपण पाहत आहोत हेच त्याला ठाऊक नसते. अलीकडे गल्लोगल्ली लागलेल्या काळ्या घुमटाच्या कॅमेऱ्यांविषयीही हेच म्हणता येईल. पण तो विषय निराळा, आणि चोऱ्यांचे काय, असे लगेच विचारले जाईल. असो.

नजरेचा हा प्रश्न आपल्या परंपरेला अपरिचित नाही. भोजाचा ‘समराङ्गणसूत्रधार’ हा वास्तुग्रंथ टी. गणपतिशास्त्री यांनी संपादून १९२४-२५ मध्ये आपल्याच गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला, तेव्हा वास्तुविद्येचा अभिमान बडोद्याने बाळगावा हे योग्यच. परंतु आज वास्तुशास्त्राच्या नावाने जे सल्ले घरोघर फिरतात त्यांचा प्रश्न एकच असतो: या खिडकीने माझे काय होईल? कौटिल्याने विचारलेला प्रश्न वेगळा आहे. अर्थशास्त्राच्या ‘धर्मस्थीय’ अधिकरणात घरांविषयीचे जे नियम आहेत, त्यांत उजेडासाठी खिडकी करावी ती लहान आणि उंचावर, असे सांगितले आहे. आणि समोरासमोर येणाऱ्या दाराने किंवा खिडकीने दुसऱ्याला उपद्रव झाला तर दंड आहे. त्याला अपवाद एकच: मध्ये राजमार्ग किंवा रथ्या असेल तर दंड नाही. लहान आणि उंचावरची खिडकी म्हणजे आपल्या चार पानांतली वरची दोन पाने. पण मला महत्त्वाचे वाटते ते हे की दंड ज्याच्या घरात डोकावले गेले त्याला नाही, डोकावणारी खिडकी ज्याने केली त्याला आहे.

हाच विचार गुजरातच्या रिवाजात टिकून राहिला, आणि ही गोष्ट आपल्याला या भूमीत पिढ्यान्‌पिढ्या राहूनही फारशी ठाऊक नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या उच्च न्यायालयापुढे गुजरातेतून असे दावे गेले की शेजाऱ्याने नवी खिडकी पाडली आणि तीतून आमच्या घराचा खासगी भाग दिसतो. न्यायालयाने गुजरातच्या रूढीचा आधार घेऊन असे पाहणे हा दावा करण्याजोगा अपराध मानला. अलाहाबादच्या न्यायालयाने १८८८ मध्ये आपल्या प्रांतापुरती तीच भूमिका घेतली. कलकत्ता आणि मद्रास येथे मात्र असा सर्वसाधारण हक्क मान्य झाला नाही. १८८२ च्या भारतीय सुखाधिकार कायद्याच्या अठराव्या कलमाखाली याचे एक उदाहरणच दिलेले आहे: ज्या गावी तशी रूढी असेल तिथे घरमालकाने शेजाऱ्याच्या घराचा एरवी नजरेआड असणारा भाग दिसेल अशी नवी खिडकी उघडू नये. मुंबई इलाख्याला तो कायदा १८९१ मध्ये लागू झाला. बडोदे संस्थानची न्यायालये निराळी होती हे खरे, पण रूढी काही संस्थानच्या सरहद्दीपाशी थांबत नव्हती.

इंग्लंडच्या कायद्याचा कल याच्या उलट होता. शेजाऱ्याच्या खिडकीतून तुमच्या घरात दिसते? मग भिंत उंच करा, पडदा लावा. नुसत्या पाहण्याविरुद्ध दावा नाही. ही भूमिका अगदी परवापर्यंत चालत आली. लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाने २०१६ मध्ये उघडलेल्या नव्या इमारतीच्या दहाव्या मजल्यावर सभोवार पाहण्यासाठी एक सज्जा ठेवला. समोर चौतीस मीटरच्या आसपास काचेच्या भिंतींचे निवासी मनोरे होते. सज्जावर येणारे हजारो लोक तेथील रहिवाशांचे स्वयंपाकघर आणि दिवाणखाना पाहू लागले, छायाचित्रे घेऊ लागले. रहिवाशांनी दावा लावला. २०१९ मध्ये खालच्या न्यायालयाने दावा फेटाळताना जे उपाय सुचवले त्यांत खिडक्यांचे पडदे खाली सोडणे, जाळीचे पडदे लावणे हेही होते. २०२० मध्ये अपील न्यायालयानेही त्यांना नकार दिला. अखेर फेब्रुवारी २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला. उपद्रव ज्याला होतो त्यानेच झडपा लावून अंधारात बसावे हे म्हणणे बहुमताने अमान्य केले. गुजरातच्या पोळांत जे रूढीने ठरून गेले होते तिथे पोहोचायला लंडनला दीडशे वर्षे लागली, असे म्हणण्याचा मोह होतो. पण मोह आवरावा. कारण आपल्याकडे ती रूढी आता आपल्याला आठवतही नाही, आणि २०१७ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला तेव्हा आपण ते सारे आधारकार्डाविषयी आहे असे समजलो.

एक आक्षेप इथे येतो आणि तो रास्त आहे. ही रूढी मुळात स्त्रियांच्या पडद्यातून निघाली. पडदा आपण टाकला, मग त्याच्या पोटची रूढी कशाला जपायची? माझे उत्तर असे की दोन्ही गोष्टी एका घरात वाढल्या तरी त्यांचा स्वभाव वेगळा आहे. पडदा ओझे टाकतो ते जिला पाहिले जाते तिच्यावर: तिने झाकून घ्यावे, तिने मागे सरावे. रूढी ओझे टाकते ते पाहणाऱ्यावर: त्याने खिडकी उंच करावी, त्याने झडप मिटावी. पहिले टाकून दुसरे ठेवता येते. किंबहुना पहिले टाकल्यावरच दुसऱ्याची खरी गरज लागते.

हे सारे मी पुस्तकांत शोधू लागलो त्याला कारण घरातलेच आहे. आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर उत्तरेकडे एक अडगळीची खोली आहे. तिची खिडकी शेजारच्या घराच्या चौकावर उघडते. चौकात मोरी, नळ, तुळस, कपड्यांची दोरी. या खिडकीची खालची दोन पाने चौकटीला खिळे ठोकून कायमची मिटलेली होती. आजोबांनी शेजाऱ्यांना तसा शब्द दिला होता एवढेच वडिलांकडून ऐकलेले. कागद नाही. ज्यांनी शब्द दिला ते नाहीत, ज्यांना दिला तेही नाहीत. राहिले ते खिळे. खोली अडगळीची होती तोवर कोणाचे काही अडले नाही. आता पुतण्या आणि त्याची पत्नी पुण्याहून बडोद्यास नोकरीनिमित्त कायमची आली, आणि ती खोली त्यांना द्यायचे ठरले. माणसे राहणार म्हटल्यावर खिडकी हवी.

घरात तीन मते पडली. पुतण्याचे म्हणणे, जुने काढून टाकावे, मोठी काच बसवावी आणि आतून गुंडाळता येणारा पडदा लावावा. बटण दाबले की खाली, दाबले की वर. थोरल्या वहिनींचे मत झिलमिलीचे. “वारा येईल, आणि त्यांना आपले काही दिसणार नाही,” असे त्या म्हणाल्या. आपल्याला त्यांचे काय दिसेल, हे त्या म्हणाल्या नाहीत. पण तो त्यांचा दोष नव्हे, झडपेचा विचार आपण सगळे याच बाजूने करतो. मिस्त्री पाटणकडचा, वयस्कर. त्याने गाळा पाहिला, खिळे पाहिले आणि एवढेच म्हणाला, “नीचेनां बे बंध, उपरनां बे खुल्लां. पहेलां हतुं तेम.” होते तसेच ठेवा.

मलाही तेच बरोबर वाटले असते. ज्याने मागितले तो माणूस उरला नाही म्हणून दिलेला शब्द संपतो का, हा प्रश्न मला नेहमीच अवघड वाटत आला आहे. कर्ज वारसाकडून वसूल होते. संकोच वारसाकडे येतो का? माझा कल असा की येतो. त्या शब्दावर विसंबून शेजारच्या दोन पिढ्यांनी आपला चौक कसा वापरायचा हे ठरवले. वर पाहून दचकण्याची सवय त्यांना कधी लागलीच नाही. ज्या विश्वासावर कोणी आपली दिनचर्या बांधली आहे तो विश्वास, देणारा-घेणारा गेला तरी, भिंतीइतकाच खरा असतो.

परंतु समोरच्या मासींनी आमचा सारा हिशेब विस्कटून टाकला. मासी ऐंशीच्या पुढच्या. मुलगा-सून सकाळी कामावर जातात, त्या दिवसभर एकट्या. मागल्या पावसाळ्यात त्या चौकात शेवाळावरून घसरल्या आणि सून परत येईपर्यंत दोन-अडीच तास तशाच पडून होत्या. हाका मारल्या, आमच्या बाजूला मिटलेली फळी. खिडकीचे काम निघाले आहे हे कळताच त्या ओट्यावर येऊन म्हणाल्या, “बारी उघाडी राखजो ने, भाई.”

शब्द ज्यांच्यासाठी दिला होता त्यांच्याच घरातून तो परत केला जात होता. मग प्रश्न मिटला? घरात सगळ्यांना तसे वाटले. मला एकच गोष्ट खटकत होती. चौक मासींचा आहे तसा तो त्यांच्या सुनेचाही आहे. पहाटे पाणी भरणे, न्हाणे, केस वाळवणे हे सारे तिचे त्याच चौकात होते. सासूने दिलेली परवानगी सुनेच्या वतीने धरायची का? रूढीच्या काळी धरली गेली असती. घरच्या वडील माणसाचा शब्द म्हणजे घराचा शब्द. आमच्या नव्या सूनबाईने तिला जिन्यात गाठून सहज विचारले. ती आधी हसली, “बा म्हणतात तसे करा,” म्हणाली, आणि दोन पायऱ्या उतरून परत वर येऊन म्हणाली की सकाळी नऊच्या आत नको. तिला हे कोणी कधी विचारले नव्हते.

इथे मला झिलमिलीविषयीचे माझे मत नक्की करता आले. मासींना हवे आहे ते पाहिले जाणे. सुनेला हवे आहे ते न पाहिले जाणे. आणि दोघींना हवे आहे ते, आपल्याकडे कोणी पाहत आहे की नाही हे कळणे. झिलमिली नेमके तेवढेच देत नाही. तिच्या पट्ट्या वळलेल्या असोत वा मिटलेल्या, खालून त्या सारख्याच दिसतात. मासींना ती भरवसा देणार नाही आणि सुनेला निर्धास्तपणा देणार नाही. भरीव पानाचे तसे नसते. ते मिटलेले असले की मिटलेले दिसते, आणि उघडे असले की त्यामागचा चेहराही दिसतो. आपण ज्याला पाहतो त्याला आपणही दिसावे, ही अट भरीव फळी न बोलता पाळते. पुतण्याच्या काचेचीही तीच अडचण: दिवसा बाहेरून काच आरशासारखी चमकते आणि आतल्याला सर्व दिसते.

उत्तरायणाच्या दिवशी आपण सारे बडोदे गच्च्यांवर पाहतो. एरवी ज्यांच्या चौकात डोकावणे असभ्य, त्यांच्याकडे त्या दिवशी आपण सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाहतो, ओरडतो, चिक्की पुढे करतो, आणि कोणालाही संकोच होत नाही. कारण त्या दिवशी सगळेच वर असतात. नजर तीच, अंतर तेच, पण ती दोन्ही बाजूंनी वाहते.

काम पुढीलप्रमाणे झाले. खिळे उपटले, गंजून लाकडात एकजीव झाले होते, दोन तुटूनच आले. जुनी वरची पाने वलसाडी सागाची आणि धडधाकट, ती रंधा मारून पुन्हा बसवली. खालची दोन नवी केली, जुन्याच घराच्या तुळईतून. गाळा गुण्यात नव्हता, वर आणि खाली बोटभराचा फरक. मिस्त्रीने तीन ठिकाणी माप घेऊन सर्वांत लहान माप धरले आणि पावसात लाकूड फुगेल म्हणून दोन पानांमध्ये पुसटशी फट सोडली. भिंत अठरा इंची असल्यामुळे झडप गाळ्यातच बसली, भिंतीवर वेगळी चौकट ठोकावी लागली नाही. कडी आतून. मधली आडवी पट्टी तेवढी सहा इंच वर घेतली. खुर्चीवर बसणाऱ्याच्या डोळ्यांची उंची मिस्त्रीने सूनबाईला खुर्चीवर बसवून मोजली. खालची पाने सकाळी साडेनऊला उघडतात. उघडणाऱ्याने एकदा खाली पाहून मासींना हाक द्यायची, एवढा नियम. कोणी घरी नसेल त्या दिवशी पाने मिटलेली राहतात, आणि मासींना ते खालून दिसते, म्हणून त्या दिवशी त्या शेवाळाच्या बाजूला जात नाहीत.

रस्त्याकडच्या खिडकीवर मात्र वहिनींनी झिलमिली घेतलीच. ती पश्चिमेकडे आहे, दुपारी दोननंतर तिथे उभे राहवत नाही, आणि गणपतीच्या मिरवणुका तिथूनच पाहायच्या असतात. कौटिल्याचा अपवाद मी स्वतःच त्यांना वाचून दाखवला होता, तो त्यांनी माझ्यावर उलटवला: मध्ये रस्ता असेल तर दंड नाही. रस्त्यावर निघालेला माणूस पाहिला जायच्या तयारीनेच निघतो, असे त्यांचे म्हणणे. मी म्हणतो की दुपारी आमच्या ओट्यावर टेकून भाजीवाली डब्यातली भाकरी खाते, ती पाहिली जायच्या तयारीने बसलेली नसते. वरच्या खिडकीत कोणी नाही असे पाहूनच ती तो ओटा निवडते. वहिनी म्हणतात, मग आपण पाहिले तरी तिला कळणार कसे? त्यावर मी म्हणतो, तेच तर. पट्ट्या पांढऱ्या रंगवल्या आहेत, काठी उजव्या हाताला आहे, आणि दुपारची ती बहुधा मिटलेली असते. बहुधा.